पोटावरचं मशीन

चांदूर बाजारात दाढी-कटिंगची दुकानं काही कमी नाहीत, पण मान आखडली की लोक नितेशच्याच दुकानाची पायरी चढायचे. कारण त्याच्याकडे मशीन होतं. पंजाच्या पाठीवर स्प्रिंगनं अडकवायचं, बटण दाबलं की सगळा पंजा थरथरायला लागतो, आणि तो पंजा मानेवर टेकला की भलाभला माणूस खुर्चीत डोळे मिटतो. नितेशनं ते नागपूरहून आणलं तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली होती. महिनाभरात तीच मंडळी दाढी झाल्यावर खुर्ची सोडेनात. "मशीन लाव नं गड्या थोडं" म्हणू लागली.

नितेश स्वभावानं गोड. समोरच्याचं तोंड उतरलेलं त्याला बघवत नसे. कटिंग जरा बिघडली तरी आरसा दाखवताना तो अशा काही कौतुकानं "एक नंबर!" म्हणायचा की गिऱ्हाईकही मान डोलावून खुशीत घरी जायचं. घरी बायको रडवेली झाली, आई रुसली, तर खरंखोटं नंतर, आधी हसवायचं, ही त्याची रीत. त्याच्या आईला, दुर्गाबाईला, लेकाच्या या गुणाचं फार कौतुक होतं. बायकोला, पौर्णिमालाही होतं. गोड बोलणाऱ्या माणसाबरोबर संसार सोपा जातो, यात काही खोटं नाही.

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर पौर्णिमाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे अकोल्याला व्हायचं, अशी रीत. पण आठव्या महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ वाढीला थोडं मागे आहे, आता दवाखाना बदलू नका, दर सोमवारी येऊन ठोक्यांची तपासणी करून जा, आणि मधे कधी हालचाल कमी वाटली तर सोमवारची वाट पाहू नका. म्हणून माहेरी न्यायची बॅग भरलेली तशीच राहिली आणि पौर्णिमा सासरीच थांबली. त्या दिवसापासून घरात सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न. हाललं का?

पहिल्या सोमवारी तिघंही अमरावतीला गेली. पौर्णिमाच्या पोटाला दोन पट्टे बांधले, आणि बाजूच्या यंत्रातून कागदाची पट्टी सरकू लागली. तीवर बाळाच्या ठोक्यांची रेघ उमटत होती. रेघ सरळ चालली होती आणि कौशल्या सिस्टर कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"झोपलं हाय लेकरू," ती म्हणाली. तिनं पौर्णिमाला कुशीवर वळवलं, गोड पाणी पाजलं, वाट पाहिली. बाळ काही उठेना. मग तिनं कपाटातून बॅटरीएवढं एक यंत्र काढलं, पोटावर टेकवलं आणि बटण दाबलं. घर्रर्र करून आवाज झाला, आणि पौर्णिमाच्या पोटाला असा काही धक्का बसला की ती "बाई गं" म्हणून हसायलाच लागली. बाळ आतून पोटाला लाथा मारत होतं. पोटावरची चादर हलताना नितेशनंही पाहिली.

दुर्गाबाईनं मात्र छातीवर हात ठेवला. "काहून वं बाई, लेकराचे कान फुटन ना अशानं!"

"नाही वो मावशी. दोन-तीन सेकंदाचा तं आवाज. कितीक वर्सांपासून करून राहिले. पण त्याच्याहून जास्त वेळ आमी लावत नाही, आन घडीघडीबी लावत नाही."

"आमच्या वक्ताले लेकरू जन्मल्यावर थाळी वाजवत," दुर्गाबाई म्हणाली. "आता जन्माच्या आंधीच वाजवून राहिले."

यावर सगळेच हसले. सिस्टर हसली तीही कागदाकडे बघतच. तिला लाथेशी काही देणंघेणं नव्हतं. रेघ वर चढली, थोडा वेळ वर राहिली, पुन्हा खाली आली, म्हणजे बाळाचं हृदय ठीक आहे, एवढं तिला बघायचं होतं. घरच्यांनी बघितली ती लाथ. कागद त्यांना कळत नव्हता आणि लाथ कळत होती. हे घरी करून बघायचं नसतं, असं सांगायचं सिस्टरच्या मनातही आलं नसेल. कोण कशाला करेल असलं काही?

परतीच्या एसटीत नितेशनं मांडीवर थाप मारली. "माय, हे तं आपलंच मशीन हाय!"

त्या संध्याकाळी मशीन दुकानातून घरी आलं. आता हे लोक वेडे होते असं कुणी समजू नये. उलट फार जपून चालले होते. दुर्गाबाईला कानांचा घोर लागलेला, म्हणून तिनं आधी पोट चाचपून डोकं कुठं आहे ते ठरवलं. डोकं खाली, म्हणजे कान खाली, म्हणजे मशीन वरच्या अंगाला. मधे टॉवेलची घडी. बटण सगळ्यात हळू चालीवर. आणि दुर्गाबाई मोठ्यानं म्हणणार, एक, दोन, तीन, की मशीन बंद. बाळानं लाथ मारली. पौर्णिमा खुदकन हसली, दुर्गाबाईनं नातवाची अलाबला घेतली, आणि नितेशला वाटलं, इतकी वर्षं आपण लोकांच्या माना चोळत बसलो, हे मशीन खरं तर याच कामासाठी होतं.

मग रोजचाच तो रिवाज झाला. दुकान बंद करून नितेश मशीन घेऊन यायचा, पौर्णिमा पलंगावर आडवी व्हायची, एक, दोन, तीन. शेजारणीही येऊन बघून गेल्या. दुसऱ्या सोमवारची तपासणीही चांगली निघाली. नितेशनं दवाखान्यात मशीनचा विषय काढला नाही. सिस्टरला वाटेल आपण तिच्या कामात नाक खुपसतो, आणि तिचं तोंड वाकडं झालेलं त्याला बघायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पौर्णिमा चहा देताना म्हणाली, "आज जरा कमीच हालून राहिलं."

"दवाखान्यात जायचं का?" नितेशनं विचारलं. विचारलं, हे खरं आहे. पुढे त्यानं किती वेळा मनाशी हे उगाळलं असेल! आपण विचारलं होतं.

"थांब, आंधी मशीन लावून पाह्य," दुर्गाबाई म्हणाली. "तिथं गेलं तरी ते काय करतीन? तेच लावतीन नं."

हे बोलणं तिघांनाही बरोबर वाटलं. मशीन लावलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा बाळानं आळसावल्यासारखं अंग फिरवलं. पौर्णिमाच्या डोळ्यांतली भीती गेली. "झोपाळू हाय बापासारखा," ती म्हणाली, आणि नितेश दुकानात गेला. शुक्रवारी पुन्हा तसंच. हलकीशी हालचाल, पण हालचाल. सोमवार तर आलाच होता तोंडावर.

शनिवारी लग्नाची तिथी दाट. नवरदेव, नवरदेवाचे भाऊ, मामा, सगळ्यांच्या दाढ्या. नितेश घरी आला तेव्हा पौर्णिमा झोपली होती, त्यानं तिला उठवलं नाही. रविवारीही दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी पौर्णिमाचा फोन आला. ती फक्त म्हणाली, "लौकर या." नितेश "आलोच" म्हणाला. पण खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीचा होता, त्याच्यामागे आणखी तिघं. संध्याकाळ झाली घरी पोचायला.

पौर्णिमा पलंगावर तयारच होती, पदर बाजूला करून. दुर्गाबाई तिच्या उशाशी. नितेशनं टॉवेल ठेवला, मशीन लावलं. एक, दोन, तीन. काही नाही. पुन्हा. काही नाही. त्यानं जागा बदलली. मग टॉवेल काढून टाकला आणि चाल वाढवली. दुर्गाबाई मोजायची थांबली होती, कानांचं तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं. सगळं पोट मशीनसंगं थरथरत होतं. पौर्णिमानं ओठ दातांत धरला होता.

मशीन बंद करून नितेशनं तळहात पोटावर टेकवला. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"लागली," तो म्हणाला. "लात लागली! तुले लागली ना?"

पौर्णिमानं त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली.

दुर्गाबाई देवापाशी साखर ठेवायला उठली. त्या संध्याकाळी तिघं पोटभर जेवली.

सोमवारी अमरावतीत कौशल्या सिस्टरनं पट्टे बांधले, काढले, पुन्हा बांधले. मग ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. सोनोग्राफीच्या खोलीत नितेशला आत घेतलं नाही. दार उघडलं तेव्हा पौर्णिमाचं रडणं ऐकूनच त्याला कळलं.

"शेवटची हालचाल कधी झाली होती?" डॉक्टरीणबाईंनी दारात विचारलं.

"काल सांजच्याले," दुर्गाबाई पटकन म्हणाली. "भल्ली लात मारली नं! याच्या हाताले लागली."

डॉक्टरीणबाईंनी नितेशकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. ती हो म्हणायला घातली की आणखी कशाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

कळा आणून बाळंतपण करावं लागलं. मुलगा होता. केस चांगले दाट होते. नितेशला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण तोवर कापडात गुंडाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं. तोपर्यंत मशीनची गोष्ट दवाखान्यात कळली होती. दुर्गाबाईनंच रडत रडत सिस्टरला सांगितली होती.

"मशीननं गेला का तो?" बसायच्या आधीच नितेशनं विचारलं. "आवाजानं? आमी टावेल ठेवत होतो, मॅडम. रविवारी काढला होता."

"नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही वापरतो ते यंत्र ठरावीक आवाजाचं असतं. क्षणभराच्या त्या आवाजानं बाळाला इजा झाल्याचं आजवर दिसलेलं नाही. तुमचं मशीन त्यासाठी बनवलेलं नाही, ते पोटावर लावायचंच नव्हतं, आणि त्यानं कानांचं काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. पण बाळ त्यानं गेलं नाही. वार, म्हणजे प्लॅसेंटा, खराब झाली होती. बाळाला पुरेसं रक्त मिळत नव्हतं. असं बाळ आधी हालणं कमी करतं, आहे ती शक्ती जपून ठेवतं. त्याला हलवून उठवलं की उठतंही. उठलं म्हणजे बरं आहे, असं नसतं. आम्ही आवाज देतो तेव्हा लाथ बघत नाही हो, ठोके बघतो."

त्यांनी पेन उचललं.

"कमी कधीपासून वाटत होतं?"

"गुरवारी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. गुरुवारी आला असतात तर, हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्यांच्या चांगुलपणामुळे ते नितेशला स्वतःच पुरं करावं लागलं.

"आणि रविवारचं," त्या जरा थांबून म्हणाल्या, "बाळाच्या अंगावरून दिसत होतं, सोमवारी तुम्ही आलात तेव्हाच त्याला जाऊन दोन दिवस तरी झाले असावेत. हे मी तुमच्या मिसेसना सांगितलेलं नाही. त्या विचारत नाहीयेत. तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा तुम्ही सांगा."

नितेश बाहेर आला. आई बाकावर बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. "मीच म्हटलं लाव, मीच म्हटलं लाव." तिचा हात धरून तो म्हणाला, "माय, असं नोको करू." पुढे काय म्हणणार? मशीननं काही केलं नाही, असं सांगितलं तर आई विचारणार, मग कशानं? आणि त्याचं उत्तर गुरुवारपाशी जाऊन थांबत होतं, त्या चहापाशी, जिथं तिनं 'थांब' म्हटलं होतं आणि तो थांबला होता. आईला एका पापातून सोडवायचं तर दुसरं, खरं, तिच्या गळ्यात घालावं लागणार होतं. तो नुसता तिचा हात धरून बसला.

गावात तर काय, बोलायला विषयच मिळाला. मशीननं लेकराचे कान फुटले. मशीनच्या धसक्यानं काळीज बंद पडलं. न्हाव्याच्या मशीननं कुठं डॉक्टरकी होते का! नितेश हे सगळं दुकानात, हातात वस्तरा धरून, मुकाट्यानं ऐकायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोराला ती सोयीची होती. मशीन त्यानं फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं. मशीनला बोल लावून झाला की लोक हळहळत आणि गप्प होत. हालचाल कधीपासून कमी होती, हे कुणीच विचारत नव्हतं.

पौर्णिमाला तिच्या आईनं, माणिकबाईनं, अकोल्याला नेलं. तिला दूध उतरलं होतं. ते बघून माणिकबाई न्हाणीत जाऊन रडायची. नितेश रोज फोन करायचा, पौर्णिमा "जेवली" म्हणायची, "झोपली" म्हणायची, आणि फोन आईच्या हातात द्यायची. सव्वा महिना झाल्यावर तो तिला आणायला गेला. अकोल्याचा उन्हाळा अजून हटला नव्हता, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

माणिकबाईनं त्याला पाणी दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबवून हळू आवाजात म्हणाली, "जवाईबापू, तिले कायी इचारू नका. जो येते त्याले येकच गोष्ट सांगते. रविवारच्या सांजपर्यंत जिता होता, तुमच्या हाताले लात लागली होती. तेवढ्यावरच हाय पोरगी. तेवढंच धरून बसली हाय."

नितेशनं पाण्याचा पेला खाली ठेवला. एसटीत सगळी वाट त्यानं मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं. सांगितलं की मोकळं होता येईल, असं वाटत होतं. आता वाटलं, कशाला? एका खोट्यावर तिचा दिवस सरत असेल तर सरू दे. आपण तेवढं तरी तिला द्यावं. त्याला आपला हा विचार फार चांगला वाटला. आत जाईपर्यंत तो थोडा सावरलाही होता.

पौर्णिमा खोलीत कूलरसमोर कपड्यांच्या घड्या करत बसली होती. खूप वाळली होती. तिनं त्याला "बसा" म्हटलं. इकडचं तिकडचं झालं. दुकान कसं आहे, आई कशी आहे. आई देवळात जात नाही, असं तो म्हणाला. पौर्णिमानं एक घडी मोडली, पुन्हा घातली. मग उठून तिनं कूलर बंद केला. खोलीत एकदम शांत झालं आणि ऊन भिंतीतून आत आल्यासारखं वाटलं.

"एक इचारू?" ती म्हणाली.

"इचार ना."

"त्या दिवशी रविवारी. तुमच्या हाताले खरंच लागली होती?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. अगदी त्या संध्याकाळसारखी. हो म्हटलं की हे तोंड खुलणार होतं. आयुष्यभर तो असल्याच तोंडांना "एक नंबर" म्हणत आला होता. हो हा शब्द जिभेवर तयारच होता. त्यानं आपला उजवा तळहात बघितला. मशीन बंद केलं तरी तो हात कितीतरी वेळ झिणझिणत राहतो, त्याखाली मान आहे की खुर्चीची पाठ हेसुद्धा समजत नाही. धंद्यातल्या माणसाला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

"नाही," तो म्हणाला. "हात बधिर झाला होता. मले कायी समजलंच नाही. तुमी दोघी पाहून राहिल्या होत्या, म्हणून म्हटलं."

तो डोळे मिटून बसला. ती रडेल, ओरडेल, घरातून जा म्हणेल. त्यातलं काहीच झालं नाही. पौर्णिमाचा आवाज आला, अगदी बारीक.

"मलेबी नाही लागली."

त्यानं डोळे उघडले.

"शनवारपासूनच कायी नव्हतं," ती म्हणाली. "मले समजलं होतं. पण तुमी इतके खूश झाले. मले वाटलं, मीच चुकत असन. मंग इथं सगळ्याइले तेच सांगत राहिली. तुमी ऐकान, तं तुमाले वाटन की तेवढी तरी लागली होती हाताले."

माणिकबाईनं बाहेरून हाक मारली, ताटं वाढली आहेत म्हणून. उन्हानं दोघांच्या अंगावरून घाम निथळत होता. कूलर लावायला कुणी उठलं नाही.